आईचं दूध पातळ का असतं? दुधातली प्रथिनं आणि बाळाचा मेंदू



गेल्या पालकसभेनंतर पहिलीतल्या एका मुलाची आई मागे थांबली. कडेवर साडेतीन महिन्यांचं बाळ होतं. सगळे गेल्यावर हळूच म्हणाली, "बाई, माझं दूध लई पातळ आहे. नुसतं पाणीच. घरात सगळे म्हणतात, यानं पोराचं डोकं कसं वाढायचं? म्हणून म्हशीचं दूध निम्मं पाणी घालून चालू केलंय. का डब्याची पावडर आणू? डोक्याला चांगली कुठली?"

मी विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे तिला आधी आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात पाठवलं. पण तिचा प्रश्न मनात राहिला. आपण वर्गात 'दूध हे पूर्णान्न आहे' असं शिकवतो. 'प्रथिने शरीराची वाढ करतात' हेही शिकवतो. या दोन वाक्यांची बेरीज केली, तर घट्ट दूध म्हणजे जास्त प्रथिनं आणि जास्त प्रथिनं म्हणजे जास्त वाढ, असंच कुणालाही वाटेल. या आईलाही तेच वाटत होतं. मग चूक कुठे होते? तेच आज समजून घेऊ.

खरवस आणि चोथा: दुधातली दोन कुटुंबं

दुधातली प्रथिनं मुख्यतः दोन कुटुंबांतली असतात. ती डोळ्यांनी बघता येतात. सहावी ते आठवीच्या वर्गात हा प्रयोग सहज होतो.

पिशवीतलं गाईचं दूध न उकळता फक्त कोमट करा. त्यात लिंबू पिळा. दूध फाटेल आणि पांढरा चोथा वेगळा होईल. फडक्यातून गाळून घ्या. हा चोथा म्हणजे मुख्यतः केसीन, पहिलं कुटुंब. खाली जे पिवळसर, हिरवट पाणी उरतं ती निवळी. मुलं म्हणतील, यात काही नाही. आता ती निवळी उकळा. थोड्या वेळात तिच्यात पांढरे बारीक कण तरंगू लागतील. हे दुसरं कुटुंब, निवळीतली प्रथिनं. पावडरच्या डब्यावर यांनाच 'व्हे प्रोटीन' म्हणतात. आम्लाने गोळा होतं ते केसीन, उष्णतेने गोळा होतात ती निवळीतली.

खरवस हे याचंच घरगुती उदाहरण. गाय व्यायल्यावरचा चीक आपण फक्त उकडतो. ना विरजण, ना लिंबू. तरी तो वडीसारखा घट्ट बसतो, कारण चिकात निवळीच्या कुटुंबातली प्रथिनं भरपूर असतात आणि ती उष्णतेने अंड्याच्या पांढऱ्यासारखी बांधली जातात. गाईचा चीक आपण आवडीने खातो आणि काही घरांत बाळंतिणीचं पहिलं पिवळसर दूध मात्र अजूनही 'खराब' म्हणून पिळून टाकतात! तेही चीकच आहे. त्यात नेहमीच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात आणि त्यातली बरीचशी रोगांपासून संरक्षण करणारी असतात.

वासराचं दूध आणि बाळाचं दूध

आता आकडे बघू. १०० मिलिलिटर दुधात प्रथिनं साधारण किती असतात?

- आईचं दूध: सुमारे १ ग्रॅम
- गाईचं दूध: सुमारे ३.३ ग्रॅम
- म्हशीचं दूध: सुमारे ४ ग्रॅम

म्हणजे ती आई चुकीचं बघत नव्हती. तिचं दूध खरंच 'पातळ' आहे. दुधाला पांढरा दाटपणा येतो तो स्निग्धांशाच्या थेंबांमुळे आणि केसीनच्या सूक्ष्म कणांमुळे. आईच्या दुधात केसीन कमी, म्हणून ते निळसर, पाणीदार दिसतं. पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येणारं दूध तर आणखी पातळ असतं. शेवटी शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश वाढतो.

पण पातळ म्हणजे कमकुवत का? वासराकडे बघा. जन्मल्यावर तासा-दोन तासांत ते उभं राहतं. दीड-दोन महिन्यांत त्याचं वजन दुप्पट होतं. त्याला स्नायू आणि हाडं झपाट्याने वाढवायची आहेत. माणसाच्या बाळाला वजन दुप्पट करायला चार-पाच महिने लागतात. त्याचं शरीर सावकाश वाढतं, पण मेंदू घाईत असतो. जन्माच्या वेळी मेंदू प्रौढ मेंदूच्या साधारण पाव असतो, वर्षभरात दुपटीहून जास्त होतो आणि दोन वर्षांत तीन चतुर्थांशाच्या पुढे जातो. बाळ शांत झोपलेलं असतानाही त्याच्या शरीरातली निम्म्याहून जास्त ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. ज्याचं काम वेगळं, त्याचं दूधही वेगळं.

फरक फक्त प्रमाणात नाही, प्रकारातही आहे. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत केसीन सुमारे ८० टक्के आणि निवळीतली २० टक्के. आईच्या दुधात निवळीतली सुमारे ६० आणि केसीन ४० टक्के, आणि सुरुवातीच्या दिवसांत तर निवळीतल्या प्रथिनांचा वाटा आणखी मोठा. जास्त केसीनची पोटात घट्ट गुठळी होते, ती पचायला वेळ लागतो. आईच्या दुधाचे मऊ, बारीक कण होतात.

निम्मं पाणी घातलं तर?

हे गणित वर्गात फळ्यावर मांडता येईल. म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ४ ग्रॅम प्रथिनं आणि १०० किलोकॅलरी ऊर्जा असते. निम्मं पाणी घातलं की १०० मिलिलिटरमध्ये राहतात २ ग्रॅम प्रथिनं आणि ५० किलोकॅलरी. आईच्या दुधात असतात १ ग्रॅम आणि ६५ ते ७० किलोकॅलरी.

पाहिलंत? पाणी घालूनही प्रथिनं दुप्पटच राहिली आणि ऊर्जा मात्र गरजेपेक्षा कमी झाली. मेंदूला हवी ती गोष्ट घटली आणि कोवळ्या मूत्रपिंडांवरचा बोजा राहिला. शिवाय पाणी घातल्याने केसीनचं काही निवळीतलं प्रथिन होत नाही. त्यात पाणी आणि बाटली स्वच्छ नसली, तर जुलाबाची भीती वेगळीच.

मेंदूला प्रथिनं कशाला लागतात?

प्रथिन पचलं की त्याची अमिनो आम्लं होतात. ओवलेल्या माळेचे मणी सुटे व्हावेत तसं. हे मणी रक्तातून मेंदूत जातात. त्यांतून नव्या पेशींचे भाग, पेशी-पेशींमधले जोड आणि निरोप वाहून नेणारी रसायनं तयार होतात.

एक मणी बघू: ट्रिप्टोफॅन. त्यापासून सेरोटोनिन बनतं, जे झोप, भूक आणि मनःस्थिती यांच्याशी निगडित आहे. सेरोटोनिनपासून पुढे झोपेचं चक्र सांभाळणारं मेलाटोनिन बनतं. आईच्या दुधात अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन नावाचं प्रथिन भरपूर असतं, एकूण प्रथिनांच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकं. त्यात ट्रिप्टोफॅनचं प्रमाण चांगलं आहे. गाईच्या दुधात हे प्रथिन थोडंच असतं. त्याच्या जागी निवळीतलं मुख्य प्रथिन म्हणजे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, जे आईच्या दुधात तयारच होत नाही. थोडक्यात, आईचं दूध कमी मण्यांत काम भागवतं, कारण मणी नेमके आहेत.

दुसरं प्रथिन लॅक्टोफेरिन. हे लोहाला धरून ठेवतं आणि जंतूंना लोह मिळू देत नाही. आईच्या चिकात ते सर्वांत जास्त असतं, पुढे कमी होतं, तरी गाईच्या दुधाच्या कितीतरी पट राहतं. डुकराच्या पिल्लांना लॅक्टोफेरिन दिल्यावर ती काही शिकण्याच्या चाचण्यांत पुढे गेल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. तिसरं ऑस्टिओपॉन्टिन. उंदरांवरच्या प्रयोगात हे प्रथिन नसलेलं दूध प्यायलेल्या पिल्लांच्या मेंदूत चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण कमी बनलं. विजेच्या वायरवर जसं प्लास्टिकचं आवरण, तसं हे मायलिन. त्यामुळे निरोप वेगाने जातो.

पण इथे थांबा. उंदीर आणि डुकराची पिल्लं म्हणजे माणसाची बाळं नव्हेत. अशा प्रयोगांतून दिशा कळते. त्यावरून 'अमुक प्रथिन घाला आणि बुद्धी वाढवा' असं म्हणता येत नाही. जाहिरात आणि विज्ञान यांच्यातला फरक मुलांना शिकवायचा असेल, तर याहून चांगलं उदाहरण नाही.

लोहाची गोष्ट

गाईच्या दुधाचा मेंदूशी सगळ्यात ठोस संबंध येतो तो लोहामार्गे. गाईच्या दुधात लोह अगदी कमी असतं. त्यातलं केसीन आणि कॅल्शियम त्या थोड्या लोहाचंही शोषण अडवतात. काही लहान बाळांत या दुधामुळे आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा थोडा थोडा रक्तस्राव होतो, म्हणजे आणखी लोह जातं.

लोह फक्त रक्तासाठी लागतं असं आपण शिकवतो, पण मायलिन आणि मेंदूतली रसायनं बनवायलाही ते लागतं. कोस्टा रिका देशात बेट्सी लोझॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एक ते दोन वर्षांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. ज्यांना दीर्घकाळ लोहाची तीव्र कमतरता होती, त्यांना औषध देऊन रक्त भरून निघालं. पण पाचव्या वर्षी आणि पुढे किशोरवयातही ती मुलं चाचण्यांत सरासरीने मागेच होती. वेळ निघून गेल्यावर पुरवठा झाला, असं काहीसं. आपल्या वर्गात मागच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलाकडे बघताना हे लक्षात ठेवायला हवं.

आईच्या दुधातही लोह कमीच असतं, पण ते चांगलं शोषलं जातं, आणि बाळ जन्मताना स्वतःचा साठा घेऊन येतं. हा साठा साधारण सहा महिने पुरतो. म्हणूनच सहाव्या महिन्यानंतर वरचं अन्न सुरू करायला उशीर करायचा नाही.

मग जास्त प्रथिनं कधीच नकोत का?

हवीत, पण ज्याला गरज आहे त्याला. इंग्लंडमध्ये १९८२ पासून अॅलन लुकास यांच्या गटाने दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, १८५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अभ्यास केला. काहींना नेहमीची पावडर, तर काहींना प्रथिनं, ऊर्जा आणि खनिजं जास्त असलेली खास पावडर, तीही सरासरी चारच आठवडे. साडेसात-आठ वर्षांनी तपासलं, तेव्हा खास पावडर मिळालेल्या मुलग्यांची भाषिक बुद्धिमत्ता स्पष्टपणे पुढे होती. आयुष्यातले चार आठवडे, आणि परिणाम तिसरीच्या वर्गात! या नाजूक बाळांना वाढ भरून काढायची असते, म्हणून रुग्णालयात आईच्या दुधातही गरजेनुसार पोषक पूड मिसळतात.

आता दुसरी बाजू. २००२ मध्ये युरोपातल्या पाच देशांत पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांवर अभ्यास सुरू झाला. काहींना कमी प्रथिनांची पावडर, काहींना जास्त. जास्त प्रथिनं मिळालेली बाळं दोन वर्षांची झाली तेव्हा उंचीच्या मानाने जास्त जाड होती आणि सहाव्या वर्षी त्यांच्यात लठ्ठपणाही जास्त आढळला. आणि आठव्या वर्षी बौद्धिक चाचण्या घेतल्या तेव्हा? दोन्ही गटांत फरक नाही. जादा प्रथिनांनी वजन वाढलं, बुद्धी नाही.

आणखी एक टोक म्हणजे फेनिलकीटोन्युरिया हा दुर्मीळ जन्मजात आजार. यात फेनिलअॅलनिन हे एकच अमिनो आम्ल शरीराला हाताळता येत नाही. ते साठतं आणि मेंदूला इजा करतं. अशा बाळाला आईच्या दुधासकट कुठल्याही दुधातलं प्रथिन मोजूनमापूनच द्यावं लागतं. नॉर्वेच्या अॅसब्योर्न फॉलिंग यांनी १९३४ मध्ये हा आजार ओळखला. जन्मल्यावर लगेच कळला, तर आहार सांभाळून मूल नीट वाढतं. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन करतात त्या तपासण्यांत याचा शोध घेता येतो. डॉक्टरांनी ती तपासणी सुचवली, तर 'एवढ्याशा जिवाला कशाला टोचता' म्हणून टाळू नका.

आईच्या दुधाने मूल हुशार होतं का?

प्रामाणिक उत्तर द्यायचं तर, थोडा फायदा होतो, पण तो चमत्कार नाही. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली १७ हजारांहून जास्त बाळांवर मोठा अभ्यास झाला. ३१ प्रसूती रुग्णालयं निवडली. काही ठिकाणी आईला स्तनपानासाठी खास मदत दिली, बाकी ठिकाणी नेहमीची सेवा. साडेसहा वर्षांनी मदत मिळालेल्या गटातल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ५.९ गुणांनी आणि भाषिक बुद्ध्यंक ७.५ गुणांनी जास्त निघाला. पण तीच मुलं सोळा वर्षांची झाली, तेव्हा फरक जवळजवळ पुसला गेला होता. भाषेत थोडासा उरला होता.

याचा अर्थ? सुरुवात चांगली मिळते, पुढचं घर आणि शाळा ठरवतात. आणि हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. आजारपणामुळे, कामामुळे किंवा दूध न आल्यामुळे ज्या आईला पाजता आलं नाही, तिच्या मुलावर हा शिक्का नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याने, डब्यावर दिलेल्या मापानेच बनवलेलं दूध पिऊनही मुलं उत्तम वाढतात. कृपा करून हा लेख कुणा आईला टोचण्यासाठी वापरू नका.

घरी आणि गावात आपण काय करू शकतो?

- चीक टाकू नका. जन्मल्यावर पहिल्या तासात पाजायला घ्या. मध, साखरपाणी, गुटी काही चाटवू नका.
- पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नको.
- दूध पुरतं का, हे रंगावरून ठरवू नका. बाळ दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा शू करतंय आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. शंका आली तर अंगणवाडीत वजन करा, डॉक्टरांना दाखवा.
- एक बाजू पूर्ण संपू द्या, मग दुसरी. शेवटचं स्निग्ध दूधही बाळाला मिळालं पाहिजे.
- कामावर जाणाऱ्या आईने दूध काढून स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात ठेवलं, तर घरात सावलीत साधारण चार तास टिकतं. कडक उन्हाळ्यात त्याआधीच द्या. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं बरं.
- सहा महिन्यांनंतर आईच्या दुधासोबत खिमट, डाळी, पालेभाज्या, चालत असेल तर अंडं, मासे, मांस. वर लिंबाचे दोन थेंब, म्हणजे लोह चांगलं शोषलं जातं. लोहाचं सिरप आशाताईंना विचारा.
- वर्षापर्यंत गाई-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून नको. वर्षानंतरही दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास पुरे. 'जेवत नाही, पण दूध पितो ना' हे समाधान फसवं आहे.
- जाहिरातीवर जाऊ नका. १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ मधल्या त्याच्या दुरुस्तीने, दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करायला आपल्या देशात बंदी आहे. डब्यावर बाळाचं चित्रही छापता येत नाही.

आणि दिवस भरण्याआधी झालेल्या बाळाच्या आईला दूध येत नसेल, तर दुग्धपेढीची चौकशी करा. आशियातली पहिली दुग्धपेढी आपल्याच मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून आणि जंतुरहित करून गरजू बाळांना दिलं जातं.

शेवटी त्या आईबद्दल

आरोग्य केंद्रात बाळ तपासलं. वजन वाढत होतं, पण जुलाब सुरू झाले होते. म्हशीचं दूध बंद करायला सांगितलं. आशाताई दोन दिवस घरी जाऊन बसल्या. पाजायचं कसं ते तिला दाखवलंच, सासूबाईंनाही समजावलं. तीन आठवड्यांनी ती मुलाला शाळेत सोडायला आली, तेव्हा मी विचारलं, "काय गं, दूध अजून पातळच का?"

हसून म्हणाली, "पातळच आहे बाई. पण आता घरात कोणी काही म्हणत नाही."

पुढच्या पालकसभेला मी लिंबू आणि दुधाची पिशवी घेऊन जाणार आहे. प्रयोग वर्गातल्या मुलांपुरता न ठेवता त्यांच्या आज्यांसमोरही करायचा आहे. तुम्ही तुमच्या शाळेत केलात, तर कसा झाला ते नक्की कळवा.